मिठाची माती

चैत्राचं ऊन. तांबूस, तापट, तगमगतं. पडलेल्या भिंतींवरून उतरतं, उभ्या भिंतींवर चढतं, कुठंच टेकत नाही.

गेल्या पावसाळ्यात ही गल्ली बसली. मातीची माळवदं भिजली, तुळया वाकल्या, घरामागून घर आपल्याच अंगणात आडवं झालं. माणसं हमरस्त्याकडे गेली. पत्र्याखाली.

राहिली दोनच दारं, समोरासमोर. एक मैमुनाआपाचं, एक सुभद्राचं.

सुभद्राच्या माळवदाला भोक. त्यातून निळं, निर्दय, निवांत आभाळ स्वयंपाकघरात बघत राही. नवरा मुरलीधर एकदाच बोलला होता. गल्ली हिरवी झाली, माणसं परतायला लागली, तर राहू. नाहीतर अक्षयतृतीयेला दाराची चौकट उपटायची आणि निघायचं.

म्हणून बाग.

शेजारच्या पडक्या जागेत, सगळ्यांची बाग. पत्र्याखालच्या बायका उन्हं कलताना येत, दगड वेचत, वाफे बांधत. कोसळलेल्या माळवदाची पांढरी, मऊ, पिठूळ माती सुभद्रानं पाटी-पाटीनं वाफ्यांत ओतली. मेथी पेरली. पालक पेरला.

उगवलं.

आणि

कडेकडेनं करपलं.

पाणी वाढवलं. करपणं वाढलं. सुभद्रा वाफ्यापासून दाराशी, दारापासून वाफ्याशी. पदर खोचलेला, जीव टांगलेला. बायका येईनाशा झाल्या.

मैमुनाआपानं उंबऱ्यातून विचारलं, "सुभद्रे, रोपांना पाणी घालतीस का फोडणी?"

एरवी दोघी हसल्या असत्या.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दुपारी मुरलीधरनं पहार आणली. लोखंड लाकडाला लागलं. तो आवाज सुभद्राच्या दातांत गेला. तिनं वाफ्यातली माती मुठीत धरली, दाबली, फेकायला हात उचलला, आणि चिमूटभर जिभेवर ठेवली.

खारट.

माळवदावर गवत रुजू नये, मुळांनी छत फोडू नये, म्हणून दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीत मीठ कालवायचं. या गल्लीतल्या सगळ्या सुना कालवत आल्या. तीही. हाताला पाठ होतं, आणि पेरताना डोक्यातून गेलं.

तिनं वाफा उकरला. पाटी भरली. शिडीला लागली.

मुरलीधर बघत राहिला. घामानं माखलेली, मातीनं पांढरी झालेली, न थांबणारी बायको. तिसऱ्या खेपेला ती शिडीवर थबकली.

"पहार ठेवा आन् वर या. भोकाच्या पलीकडं माझा हात पोचंना."

"मेथी तर जळाली, सुभद्रा."

"जळाली. भिंतीची माती घालून पुन्हा पेरते. त्या मातीत कुणी मीठ घालत नव्हतं."

वारा पडला. पहार कुठं ठेवावी, हे त्याला क्षणभर सुचेना. मग त्यानं ती भिंतीला टेकवली, आणि शिडी त्याच्या वजनानं करकरली.

भोकावर फळ्या. फळ्यांवर पाला. पाल्यावर माती, माती, माती. तो लाकडी धुमसानं माती ठोकत राहिला, ती पाणी शिंपत राहिली, आणि खाली मैमुनाआपा कमरेवर हात ठेवून म्हणाली की सगळी दोघांनीच गिळू नका, माझंही छत उपाशी आहे.

उरलेली माती गल्ली ओलांडून गेली.

संध्याकाळ राखाडी, रेंगाळणारी, अस्वस्थ. एका माळवदावर धप्. समोरच्या माळवदावर धप्. ताल जुळत नव्हता. जुळवायला कुणी थांबत नव्हतं. धप्, आणि धप्, आणि अंधार दाटला तरी, धप्.