चित्र पुढं, आवाज मागं

कॅसेटमध्ये नवरदेवाची माय आधी हसते. विनोद मागून येतो.

चित्र: पंगत. नवरदेव मान वर करतो. माय तोंडाला पदर लावते.
आवाज: नुसती सनई.
चित्र: नवरदेव पुन्हा जेवू लागतो. मायचं हसून संपलेलं.
आवाज: "नवरदेव, वर बघा की! ताटात काय नवरी वाढली व्हय?"

सुनितानं माऊस सोडला. नेकनूरच्या तिच्या झेरॉक्सच्या दुकानात भर दुपारी कुणी नव्हतं. आणि हा आवाज रामप्रसादचा होता. तिच्या नवऱ्याचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली.

उभी हयात त्यानं पंचक्रोशीतली लग्नं शूट केली आणि प्रत्येक कॅसेटच्या आवाजावर शेवटी गाणी भरली. गाणं चढलं की खालचं सगळं पुसलं जायचं. बँड, भटजी, रुसलेला मामा, आणि कॅमेऱ्यामागून ओरडणारा तो स्वतः. हे एकच लग्न सुटलं. लग्न लागलं न लागलं तोच नवरदेवाची टोळी ऊसतोडीला निघाली, कॅसेट गाणी न भरता कच्चीच दिली गेली.

कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला आणलेला बद्रीनाथ, नवरदेवाचा धाकटा भाऊ, सकाळीच वैतागून गेला होता.

"ताई, हे काय वो? भटजीचं तोंड मिटलं तरी मंगलाष्टक चालूच!"

"जुनी कॅसेट हाय, भाऊ. खराब जागा आली की कॉम्प्युटर चित्र गाळतो, आवाज गाळत न्हाई. मग आवाज मागं मागं पडत जातो."

"मग डोकेफोड कावून करता? गाणं टाका वरून. सांजच्याला नेतो."

गाणं टाकणं हातासरशी झालं असतं. रामप्रसाद बोलतो तेवढ्या आवाजाची कॉपी तिनं आपल्यापुरती काढलीही. पण चित्राशिवाय नुसता आवाज लावून बसली, तर तो रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा वाटला. घरी ती बोलते तसा.

मांडवात त्याला लोक ओ देत होते. गाणं चढलं असतं तर ती माणसं कुणाकडं बघून हसतायत तेच कळलं नसतं.

तिनं आवाजाचे तुकडे केले.

भटजीचे ओठ. सरकव.
झांज. सरकव.
टाळ्या. सरकव. जास्त झालं. मागं घे.

(मध्येच कुणी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन गेलं. कोण, ते तिनं पाहिलं नाही.)

"मावशी, इकडं."

माय इकडं वळली. आता, रामप्रसादनं हाक मारल्यावर.

"हसा की जरा."

हसली.

सुनितानं तेवढंच पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मायची नजर सरळ तिच्यावर येत होती, आणि तिच्यासाठी नव्हती.

सांजच्याला बद्रीनाथनं उभ्या उभ्याच बघितलं.

"जमलं की, ताई! आन् आमची माय बघा, कशी हसती..." तो पडद्याजवळ वाकला. "लई दिसानं तिचं हसू आयकलं." मग कपाळाला आठी पडली. "पर ह्यो मधीमधी बडबड्या कोण? ह्याला काढा तेवढा."

"निघत न्हाई. दोन्ही आवाज एकातच हायेत. त्याला काढलं तर मायचं हसू बी जाईल."

त्यानं पुन्हा पडद्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या मंग." पेनड्राइव्ह खिशात घालताना त्यानं विचारलं, "हाय कोण पर त्यो?"

"कॅमेरावाला," सुनिता म्हणाली.