चिखलातला दुसरा बिल्ला

गुणाबाईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत, सोन्याच्या दोन मण्यांच्या मधे, एक गुळगुळीत काळपट चकती असायची. घरात तिला बिल्ला म्हणत. सासूने शेवटच्या आजारात स्वतःच्या गळ्यातून काढून तो गुणाबाईच्या हातात दिला होता, आणि सासूला तो तिच्या सासूने. दागिना म्हणावा तर चमक नाही, ताईत म्हणावा तर आत काही भरायला जागा नाही. तरी गुणाबाई आंघोळीलाही तो काढत नसे.

यंदा रोवणीत, वैनगंगेकडच्या धानाच्या शेतात, बांधीत, पोत तुटली. ओणवं होऊन धानाचे परे, म्हणजे कोवळी रोपं, रोवताना गळा हलका लागला म्हणून तिने हात नेला, तर पोत पदराला लोंबत होती. मणी तिच्यातच अडकलेले, पण बिल्ला नाही.

"पुनम! माहा बिल्ला पडला वं!"

सून पुनम हातातली जुडी टाकून धावली. रोवणीच्या सगळ्या बाया गुडघाभर चिखलात बसून हातांनी गाळ चाळू लागल्या. दुपार कलली तेव्हा पुनमच्या बोटांना काहीतरी टणक लागलं.

"सापडला, आई!"

गुणाबाईने तो पाण्यात खळबळून धुतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. "हा माहा नोहे."

"काऊन नोहे?"

"माह्या बिल्ल्याले भोक हाय. याले नाई. अन् हा खरबरीत लागते."

ती बोलत होती तोच पलीकडून एक बाई ओरडली, "गुणाबाई, हा घे तुहा!" तिच्या तळहातावर भोक असलेला, ओळखीचा बिल्ला होता.

गुणाबाईने दोन्ही चकत्या शेजारी शेजारी धरल्या. आकार तोच, जाडी जवळपास तीच. पुनमने नवीन सापडलेली चकती पदराने पुसली. चकतीवर हत्ती होता. सोंड वर केलेला, चालता हत्ती. गुणाबाईने आपला सपाट बिल्ला उलटसुलट करून पाहिला. इतकी वर्षं आपण गळ्यात हत्ती घालून हिंडत होतो की काय?

रोवणी आटोपल्यावर पुनम सासूला घेऊन ब्रह्मपुरीला गेली. तिथल्या कॉलेजात तिला इतिहास शिकवणाऱ्या हर्षा मॅडम जुन्या नाण्यांच्या जाणकार होत्या. मॅडमनी भिंग लावलं आणि त्या नवी चकती उलटसुलट करून पाहत राहिल्या. समोरच्या चहावर साय धरली.

"मावशी," शेवटी त्या म्हणाल्या, "हे सातवाहन राजांचं नाणं आहे. मागे पाहा, फुलीच्या चार टोकांना चार गोल. ही त्यांची खूण. दोन हजार वर्षांच्या आसपासचं असेल."

गुणाबाईला एवढा काळ डोक्यात मावेना. "म्हणजे माह्या सासूच्या सासूच्याही आधीचं?"

"त्यांच्याही आधी सत्तर-ऐंशी सासवा-सुना होऊन गेल्या असतील."

मग मॅडमनी हत्तीच्या पाठीवरची झिजकी अक्षरं वाचली. "रञो सिरि... म्हणजे राजा श्री. पुढचं नाव पुसलंय."

"हे मराठी हाय?"

"मराठीच्या पणजीची पणजी म्हणा."

आता त्यांनी गुणाबाईचा बिल्ला उचलला आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. वर्षानुवर्षं सपाट दिसणाऱ्या त्या चकतीवर पाठीची एक पुसट कमान उमटली. तोच हत्ती. काठाला एक अर्धगोल खाच होती, तिच्यावर मॅडमचं बोट थांबलं.

"आधी भोक इथं होतं. दोरा घासून घासून काठ तुटला, तेव्हा कोणीतरी खाली दुसरं पाडलं."

"सुतानं धातू तुटला?" पुनमने विचारलं.

"किती गळे लागले असतील, विचार कर."

गुणाबाईने नकळत गळ्याला हात लावला. तिथं ओळीने उभ्या असलेल्या बाया तिला दिसू लागल्या. जवळच्यांचे चेहरे ओळखीचे, मागच्यांचे नुसते गळे. आणि त्या सगळ्यांत पहिली कोण, जिला चिखलात हे सापडलं आणि फेकावंसं वाटलं नाही?

मॅडमनी बजावलं, "बांधी खणू नका. सरकारला कळवू."

"सरकारनं बांधीच नेली तं?" गुणाबाईचा नवरा मुखरू घरी धास्तावून म्हणाला. पण मॅडम स्वतः सोबत आल्या आणि हत्तीचं नाणं तहसीलमध्ये जमा झालं. बिल्ल्याचे फोटो काढून तो गुणाबाईकडेच ठेवला गेला.

धान कापून झाल्यावर पुरातत्त्वाची माणसं आली. बांधीच्या कोपऱ्यात त्यांनी चौकोनी खड्डा घेतला, खुरप्याने, ब्रशने, हळूहळू. गुणाबाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून पाहायची. एका सकाळी मातीतून लाल रेघ निघाली, रेघेची भिंत झाली. हातभर लांबीच्या विटा, एकीला एक लागून. ज्या भिंतीवर तिच्या घराने पिढ्यान् पिढ्या भात पिकवला, तिची कोणाला कल्पनाच नव्हती.

"या, उतरा मावशी," खणणाऱ्यांपैकी एक मुलगी म्हणाली.

चपला धुऱ्यावर काढून गुणाबाई खाली उतरली. एका विटेवर तीन लांब खोबण्या होत्या. वीट ओली असताना घडवणाऱ्याने बोटं ओढली होती, तशीच ती भाजली गेली होती. गुणाबाईने आपली तीन बोटं त्यांत ठेवली. खोबण्या अरुंद होत्या, तिची रोवणीने जाड झालेली बोटं त्यांत पुरती बसेनात.

"बाईमाणूस असन," ती हळूच म्हणाली. "पोरगीच असन."

आणि जेवायची हाक आली तरी तिने हात उचलला नाही.