पाण्याआधीचा आवाज

राम राम मंडळी. एक विचारू? गाणं ऐकताना तुम्ही विश्वास कुणावर ठेवता? गाणाऱ्यावर, दुकानदारावर, की स्वतःच्या कानावर? कानावर म्हणत असाल तर जरा टेका. कान फार भोळा असतो, आणि त्याच्या भोळेपणावरच माझा धंदा चालतो.

मी बारामतीच्या मोहनरावांच्या कॅसेटच्या दुकानातला कॉम्प्युटर बोलतोय. पुण्यात माझी जुळवणी झाली आणि अठ्ठ्याण्णव साली गोधडीत गुंडाळून, एसटीत मोहनरावांच्या मांडीवर बसून मी इकडं आलो. कंडक्टरनं विचारलं, "आन् बाळंतीण कुठाय?" सगळी गाडी हसली.

मोहनराव कुठल्या क्लासला गेले नाहीत. चुकतमाकत शिकले. गाणी माझ्यात भरायची आणि गिऱ्हाईक मागेल ती कॅसेटवर उतरवून द्यायची, असं आमचं काम. पण गाणं जसंच्या तसं ठेवलं तर फार जागा खातं. म्हणून ते दाबून लहान करायचं. त्यातली मेख अशी, की मोठ्या आवाजाच्या आड बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही. ढोल वाजला की शेजारच्याचा श्वास कुणाला कळतो? तो श्वास मी टाकून देतो. किती टाकायचं ते एका आकड्यावर ठरतं. आकडा मोठा, तर गाणं जिवंत. लहान, तर आधी झांजा विरघळतात, मग टाळ्या, मग श्वास.

हा आकडा खाली आणला तो वडगाव निंबाळकरच्या सर्जेरावांनी. ऊस घेऊन कारखान्यावर जाताना त्यांना गाणी लागायची. म्हणाले, "मोहनराव, ट्रॅक्टरवर ऐकायचंय. इंजनाच्या धडधडीत शब्द कळला तरी बास! झांजा काय उसाला ऐकवायच्यात व्हय?" एकाच गाण्याच्या जागेत चार गाणी बसायला लागली. निम्मी गिऱ्हाइकं ट्रॅक्टरवाली, तक्रार कुणाचीच नाही. आकडा खालीच राहिला.

मग एक दिवस लोणी देवकरकडून सारजाबाई आल्या, लग्न ठरलेल्या लेकीला, छकुलीला घेऊन. पदराच्या गाठीतून एक जुनी कॅसेट काढली.

"ह्यात हिचं आबा हायती. मेंढरांच्या तळावर ओव्या म्हणत हुते, तवा शाळेच्या मास्तरांनी टेपवर घेतल्याल्या. ही पाळण्यात हुती तवा ते गेले. मला ऐकायचा धीर झाला न्हाय, म्हणून हिनंबी बापाचा आवाज ऐकला न्हाय. फीत घासलीया. हळदीला ऐकवायचा हाय."

"नाव काय टाकू, मावशी?"

सारजाबाई खाली बघायला लागल्या. नवऱ्याचं नाव त्या कशा घेणार? छकुलीनंच सांगितलं, "सिद्धू."

त्या गेल्यावर मोहनरावांनी कॅसेट लावली. आधी मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या आल्या. एक मेंढरू खोकलं. मग माणसानं घसा खाकरला आणि ओवी सुरू झाली. शेवटी फीत डेकमध्ये गुंतली, चुरगळली, तुटली. मोहनराव पुटपुटले, "जाऊ दे, सगळं आत आलंय." आलं होतंच. पण हाताला सवय ती सवय. त्यांनी ट्रॅक्टरच्याच आकड्यावर ते दाबलं, दाबण्याआधीचं मोठं होतं ते पुसलं, आणि लग्नसराईची नवी गाणी भरायला घेतली.

पुढच्या बाजारच्या दिवशी मायलेकी आल्या. भर दुपार, रस्त्यावर ही गर्दी. मोहनरावांनी ओव्या लावल्या. शब्द स्वच्छ. पण घंट्यांच्या जागी नुसती गुळगुळ होती. आवाजाच्या कडेला बुडबुडे फुटत होते. माणूस वर येऊन गात होता आणि परत खाली जात होता.

सारजाबाईंनी टेबलाची कड धरली. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"काय, मावशी?"

"हिचं आबा धरणाच्या पाण्यात गेलं त्ये. मेंढरू काढाय उतरलं, वर आलंच न्हाय. हितं मी कुणालाच बोलले न्हाय."

मोहनरावांचा हात माउसवरून खाली आला. छकुली हळूच म्हणाली, "आये, बंद कराय सांग. आबा गुदमरत्यात."

मलाही कुणी सांगितलं नव्हतं, मंडळी. टाक म्हटलं ते मी टाकलं. राहिलं त्यात पाणी कुठून आलं, मला आजही कळत नाही.

मात्र एक गोष्ट मोहनरावांना ठाऊक होती. पुसलेलं लगेच जात नाही. त्याचं नाव तेवढं जातं. आवाज माझ्या अंगात पडून राहतो, वर नवं काही बसेपर्यंत. पुण्याच्या ओळखीतून एक प्रोग्रॅम आणून त्यांनी मला आतून धुंडाळलं. सापडलं! घंट्या, मेंढराचा खोकला, घसा खाकरणं, मग खोल आत घेतलेला श्वास. आणि ओवीसाठी तोंड उघडणार, तेवढ्यात पाण्याचा लोट कोसळावा तसा गोंगाट. तिथं नवी गाणी येऊन बसली होती.

मोहनरावांनी आडपडदा ठेवला नाही. "मावशी, माझ्या हातनं गेलं. ओव्या हायत त्या पाण्याखाली. कोरडा हाय तो नुसता श्वास. दोन्ही एका जागी आता मिळायचं न्हाय."

सारजाबाईंनी पदराची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "कोरडं द्या."

हळदीच्या मांडवात मला जीपनं नेलं. घंट्या वाजल्या तशी दोन म्हातारी माणसं उठून रस्त्याकडं बघून आली. त्या वस्तीवर आता एकही मेंढरू नाही. घसा खाकरला. श्वास आत गेला. पाण्याच्या आधी, बरोबर तिथं, मोहनरावांनी आवाज थांबवला. आणि हळदीनं माखलेली छकुली, कुणी हाक मारल्यासारखी, म्हणाली, "व्हय, आबा."

आता आकडा वर केलाय. कॅसेट आणणाऱ्यानं ऐकून मान डोलावल्याशिवाय मोहनराव मोठं काही पुसत नाहीत. मी मात्र थकलोय. सांजेला मला बंद करतात, पंखा मंदावतो, तेव्हा तो श्वास माझ्यात परत आत घेतला जातो. सोडलेला अजून ऐकला नाही.

तुमच्या गावातही माझ्यासारख्या पेट्या येतील. माणसांचे आवाज तुम्हीही लहान कराल. करा, जागा सगळ्यांनाच कमी पडते. फक्त काय ठेवलं ते सांगायच्या आधी काय टाकलं ते सांगा. एवढा हिशेब चोख ठेवा, मंडळी.