तीन थांबे

मसुदा पहिला

प्रिय ग्राहक, ब्र्यूमची सेवा येत्या सोमवारी, बावीस ऑक्टोबरला बंद होत आहे. तुमचं टोपणनाव, त्याची पत्रपेटी आणि पेटीतली पत्रं त्यानंतर उरणार नाहीत. तरी सात दिवसांच्या आत

ओडिल व्हेझिनानं 'सात दिवस' खोडलं. मग पुन्हा लिहिलं, कारण आकडा तिच्या हातातला नव्हता. सकाळी फाब्रिस ल्युसिएनं सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं होतं की सप्टेंबरच्या विमानहल्ल्यांनंतर माणसं लपवण्याच्या धंद्यात कुणी पैसा घालायला तयार नाही. कंपनी त्याचीच. बोलताना तो संत्रं सोलत होता. सोलून झालं, पण खाल्लं नाही.

सात दिवसांत पेटी उघडणारे उघडतील. सितेल उघडणार नव्हती. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी यायची, दुपारी तीन ते चार, घरधनीण चर्चच्या पत्त्यांच्या डावाला गेली की तिच्या संगणकावर. पुढचा पहिला रविवार चार नोव्हेंबरला होता.

सितेल म्हणजे झाडावरून डोकं खाली करून उतरणारा पक्षी. हे टोपणनाव घेतलेली बाई कोण, कुठली, हे ओडिलला ठाऊक नव्हतं. अडचण आली की ग्राहक ओडिलला लिहीत, त्या मदतीच्या पत्रांतून दोन वर्षांत एवढंच कळलं होतं की ती नवऱ्यापासून पळाली आहे आणि तिची धाकटी बहीण त्याच्याच गल्लीत राहते. दोघी ब्र्यूममधून एकमेकींना लिहितात. दुसरा धागा नाही. बावीस तारखेनंतर बहिणीनं लिहिलं तर उत्तर येईल, असा पत्ता अस्तित्वात नाही. त्याचा अर्थ बहीण काय लावेल?

मसुदा चौथा

सितेल, हे वाचत असशील तर

हेही खोडलं. कंपनीच्या जाहीर पानावर ते नाव छापायचं म्हणजे नवऱ्याच्या हातात द्यायचं. पेटीत टाकलं तर ते चार तारखेलाच वाचलं जाणार, आणि चार तारखेला पेटीच नसणार.

*

ब्र्यूम म्हणजे धुकं. चार वर्षांपूर्वी सेंट लॉरेंट रस्त्यावर, फरकोटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हे धुकं सुरू झालं. पत्र संगणकावरून निघून तीन थांबे घेत जायचं, तीन देशांतली तीन यंत्रं, आणि प्रत्येकाला फक्त शेजारचा थांबा ठाऊक. धुक्यात शिरलेल्या माणसाचा पत्ता धुक्यालाही ठाऊक नसतो, अशी जाहिरात होती. जाहिराती खोट्या असतात म्हणतात. ही खरी होती, तेच नडलं.

तीनपेक्षा कमी थांबे असतील तर जोडायचंच नाही, आणि एका गावात दोन थांबे नकोत, हे नियम ओडिलचे. फाब्रिस तेव्हा म्हणाला होता की दोनही चालतील, लोक वैतागतील. ओडिल टेबलावर बसून भांडली होती. दोन थांबे म्हणजे एका माणसाला विकत घेतलं की संपलं, असं तिचं म्हणणं. ती जिंकली. टाळ्यासुद्धा पडल्या.

आणि शुक्रवारचं भोक. मदतीची पत्रं ज्या तबकडीवर साठत, ती पुन्हा कुणाला वाचता येऊ नये म्हणून दर शुक्रवारी चार वाजता नॉर्मां केनेल ड्रिलनं भोसकायचा. नॉर्मां टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आलेला, छप्पन्न वर्षांचा, यंत्रखोलीचा मालकच. भोक पडलं की सगळे बिअर उघडायचे. भोकं पडलेल्या तबकड्या भिंतीवर दोरीत ओवलेल्या होत्या, दोनशेच्या आसपास.

त्यातल्या एकीवर एक फोन नंबर होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये सितेलनं लिहिला होता: अगदीच गरज पडली तर. ओडिलनं तिला चांगलंच झापलं होतं. असं पुन्हा करू नकोस, मला तू कुठे आहेस ते कळताच कामा नये, मी हे पुसते आहे. सितेलनं माफी मागितली होती. शुक्रवारी भोक पडलं तेव्हा ओडिल समोर उभी होती, हातात बिअर.

आता ती स्टुलावर चढून मार्चच्या तबकड्या शोधत होती.

"काय गं पोरी, भोकातून वाचणार आहेस?" खालून नॉर्मां म्हणाला.

"आठशे एकोणीसनं सुरू होत होता. मग एक चार होता."

"अर्ध्या प्रांताचा नंबर तसाच सुरू होतो. माझ्या मेव्हण्याचाही. त्याला फोन केलास तर तो तासभर सोडणार नाही."

ती हसली नाही. मग त्यानंच स्टूल धरलं.

*

फाब्रिसकडे जाऊन तिनं दोन आठवड्यांची मुदत मागितली. फक्त चार नोव्हेंबरपर्यंत. तो ओरडला नाही, हेच वाईट. यंत्रं बावीसनंतरच्याच गुरुवारी उचलली जाणार, वकिलांनी सह्या घेतल्या आहेत, असं म्हणाला. तिनं विचारलं, निदान नियम बदलू दे, दोन थांब्यांवर चालू दे.

"नियम ग्राहकांच्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि नवा प्रोग्रॅम त्यांच्याकडे पोचायला आपली मोहोर लागते, ओडिल. मोहरेची तबकडी मी आज सकाळी नॉर्मांला दिली. भलत्याच्या हातात पडू नये म्हणून."

"भोसकली?"

"तूच लिहिलंय ना नियमात, बंद होण्याआधी पहिलं काम ते."

आपलेच दात, आपलेच ओठ.

*

तरी त्यांनी हातपाय मारले. वर्दँ उपनगरातल्या आपल्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, नॉर्मांनं एक जुनं यंत्र लावलं. थांब्यांची यादी त्यावर, सितेलची पेटीही त्यावर. तो पहिला थांबा. बाहेरदेशी स्वतःच्या यंत्रांवर ब्र्यूमचे थांबे हौसेनं चालवणारे साठ जण होते. ओडिलनं साठही जणांना लिहिलं. बहुतेकांनी आधीच तारा काढल्या होत्या. रॉटरडॅमचा एक ग्रंथपाल हो म्हणाला. ब्रनोहून एका कॉलेजच्या क्लबनंही कळवलं, ठेवतो, चार तारखेपर्यंत ना, ठेवतो.

तीन.

बावीस तारीख गेली. ओडिल रोज उठून पडद्यावर थांब्यांचे तीन दिवे बघायची आणि मगच कॉफी ठेवायची. शनिवारी रात्रीही तीन होते.

रविवारी सकाळी अकराला दोन. क्लबमधल्या मुलानं दिलगिरी कळवली: कॉलेजनं खोलीची वीज तोडली, सुट्टीचे दिवस, किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेलाय, सोमवारी नक्की. ओडिलनं वर्गमित्रांना फोन केले, ल्योंमधल्या आतेबहिणीला केला. आतेबहीण बिचारी यंत्रापुढे बसलीही, पण अडीच वाजेपर्यंत दोघींनी हात टेकले. ल्योंचा दिवा लागलाच नाही.

तीन वाजून सहा मिनिटांनी फोन आला.

"कुणीतरी यादी मागतंय," नॉर्मां म्हणाला. "तू आहेस का?"

"मी माझं बंद केलंय."

"मग तीच."

तळघरातल्या धुण्याच्या यंत्राची घरघर फोनमधून येत होती.

"कुठून मागतेय ते दिसेल?" ओडिलनं विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"आपलं यंत्र ते लिहून ठेवत नाही, पोरी. दार वाजलं एवढंच कळतं. कुणी वाजवलं ते कळत नाही."

"आणि पेटी?"

"इथेच आहे, माझ्या पायाशी. बहिणीची तीन पत्रं पडलीत आत. तुझं एक."

ओडिलच्या डोळ्यांपुढे पडद्यावर उमटणारी ती पाटी आली. कुठल्यातरी गावात, दुसऱ्याच्या घरात, तासाभराच्या उसन्या खोलीत ती आत्ता उमटलेली असणार. तीन थांबे सापडले नाहीत. तुमच्या सुरक्षेसाठी जोडणी केलेली नाही. थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. शेवटचं वाक्य तिनं मागाहून घातलं होतं, माणसाला एकदम तुटल्यासारखं वाटू नये म्हणून.

"परत वाजलं," नॉर्मां म्हणाला.

मग तीन सोळाला. तीन एकवीसला. तीन सव्वीसला. ती पाटीनं सांगितल्यासारखं करत होती, दर पाच मिनिटांनी. नॉर्मां दर वेळी फक्त वेळ सांगायचा आणि ओडिल हं म्हणायची. तीन एक्कावन्नला वाजलं. तीन छप्पन्नला.

चार एकला काही वाजलं नाही.

"ठेवू का फोन?" नॉर्मांनं विचारलं.

"थोड्या वेळानं," ओडिल म्हणाली.