सैथांगीचं नाचणं

सेरछिपला आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये गाणं सुरू होऊन ढोल घुमू लागला की पहिली उठायची ती सैथांगी. व्यासपीठापुढच्या मोकळ्या जागेत ती हात पुढे धरून, डोळे मिटून संथपणे गोल फिरायची. मग एकेक करून बाकीच्या बायका तिच्यामागे यायच्या. नाचण्यात तसं काही कसब नव्हतं. पण चेहरा असा उजळायचा की परक्या माणसाला वाटावं, हिच्या घरी आज काहीतरी मंगल घडलंय.

घरी तसं काहीच घडत नव्हतं. थोरली मुलगी बाळंतपणात गेली होती. धाकटा बियाका ऐझॉलच्या वाटेवर सुमो चालवायचा, त्याला दारूचं व्यसन लागलं. एकदा उतारूंनी भरलेली गाडी त्याने कठड्याला घासली आणि त्याची नोकरी गेली. मग तो घरातली भांडी विकू लागला. वडील थांगवुंगा चर्चच्या वडीलमंडळात होते, सगळे त्यांना उपा म्हणत. बियाकाला मंडळीतून दूर ठेवायचं ठरलं, तेव्हा ते नाव त्यांनी स्वतः उभं राहून वाचलं. आवाज जराही हलला नाही.

त्याच सकाळी पुढच्या गाण्याला ढोल वाजला आणि सैथांगी उठली. नेहमीसारखी फिरली, नेहमीसारखी हसली. माझ्या मागच्या बाकावर कुजबुज झाली. ती उपांनीही ऐकली असणार.

माझं आणि सैथांगीचं घर उतारावर इतकं खेटून की त्यांच्या चुलीवर काय शिजतंय ते मला न विचारता कळतं. त्या दुपारी तिथे काही शिजत नव्हतं, उपांचा आवाज तेवढा येत होता.

"बियाकाची आई, लाज वाटते का काही? पोराचं नाव सगळ्यांसमोर वाचलं आणि तू नाचतेस?"

"रडायला घर आहे ना," ती म्हणाली. "देवाच्या दारात मला रडू येत नाही, त्याला मी काय करू?"

"लोक काय म्हणतात ठाऊक आहे? म्हणतात, हिचं काळीज दगडाचं."

"म्हणू देत. आपली पोरगी गेली तेव्हाही मी नाचले होते. तेव्हा तुम्हीच म्हणालात, बघा हिचा विश्वास."

"ते वेगळं. मरण देवाच्या हातचं. हे आपलं पाप आहे. यापुढे गाणं चालू असताना तू बाकावर बसायचं. माझी एवढी तरी अब्रू राख."

पुढच्या रविवारी ढोल वाजला आणि ती बसून राहिली. मी शेजारीच होते. मांडीवरच्या बायबलवर तिची बोटं ताल धरत होती. तिने दुसऱ्या हाताने ती दाबून धरली.

हळूहळू बायकांनाही सवय झाली. दुसरी कोणी पहिली उठू लागली. उपांना वाटलं, घराचं नाव राहिलं. त्याच सुमारास बियाका घर सोडून निघून गेला. कोणी सांगे चंफाईला आहे, कोणी सांगे सीमेपलीकडे. सैथांगी डुकरांना खायला घालायची, शेतावर जायची, रोज संध्याकाळी प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायची. पण गाणं आलं की नुसते ओठ हलायचे. मग एका पावसाळ्यात पाण्याचा हंडा उचलताना पायरीवरून घसरली आणि खुबा मोडला. हाड जुळलं, पाय मात्र पुन्हा चालता झाला नाही.

बियाका परत आला तेव्हा मी तिला पेज द्यायला गेले होते. वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. लुंगलेईकडच्या एका पाद्र्याने त्याला व्यसनमुक्तीच्या शिबिरात नेलं होतं. आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून त्याने तिचे गुडघे धरले. उपा चुलीजवळ उभे होते. काय करावं हे न सुचून लाकडं आत सारत राहिले.

"आई, तू नाचत नाहीस ना आता?" त्याने विचारलं.

"या पायाने?"

"पायाच्या आधीचं म्हणतोय. मी चर्चच्या मागच्या भिंतीवर येऊन बसायचो. पिऊन. खिडकीतून तू दिसायचीस. वाटायचं, मी एवढं केलं तरी हिचं हसू गेलेलं नाही. म्हणजे अजून परत जाता येईल. मग एका रविवारी तू उठलीच नाहीस. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. म्हटलं, झालं. आईला आपण मारून टाकलं. आता कोणत्या तोंडाने जायचं?"

उपांच्या हातातलं लाकूड खाली पडलं. पोराला ठाऊकच नव्हतं की आईला कोणी बसवलं होतं. सैथांगीने सांगितलं नाही. उपांनीच सांगितलं. खालमानेने, तुटक तुटक.

"मीच तिला बसायला लावलं. लोकांसाठी."

बियाकाने ते लाकूड उचलून चुलीत सारलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही माझं नाव वाचलंत त्याचा मला राग नव्हता. ते खरंच होतं."

एवढं बोलून तो डुकरांच्या गोठ्याकडे निघून गेला. मीही उठणार होते, पण सैथांगीने माझा हात धरून ठेवला. उपा तिच्यासमोर येऊन बसले.

"मला माफ कर."

"केलं," ती म्हणाली. "पण माझंही चुकलंच. मी काय तुमच्यासमोर नाचत होते? ज्याच्यासमोर नाचत होते त्याने कुठे बस म्हटलं होतं? तुमचं ऐकायला नको होतं मी."

मग ती रडली. घरातच.

त्या रविवारी बियाकाने आईला पाठीवर घेतलं आणि उताराच्या सगळ्या पायऱ्या तोल सांभाळत उतरला. ती पाठीवरून ओरडत होती, "सावकाश रे मेल्या, दुसरा खुबा मोडशील!" पहिल्या बाकावर तिला बसवलं, कमरेला गुंडाळलेल्या नव्या पुआनचा काठ जमिनीला टेकला. ढोल सुरू झाला. तिने दोन्ही हात पुढे धरले आणि डोळे मिटले. बायका तिच्याभोवती फिरू लागल्या. वडीलमंडळाच्या जागेवरून उपा उठले आणि खाली येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. त्यांना कधीच नाचता येत नव्हतं. ते नुसते उभे राहिले, खांद्याला कोट घट्ट बसलेला, तोंड रडवेलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आलात ते बरं केलंत. पण माझ्या नव्या पुआनवर पाय देऊन उभे होतात. कापडाला चिखल लागलाय."

"मग सांगायचंस ना."

"गाणं चाललं होतं," ती म्हणाली आणि हसली. जुनं हसू होतं ते. उपांना ते बघवेना. ते पुआन धुवायला बाहेर घेऊन गेले. अंधार पडेपर्यंत ते नळाशीच बसले होते.