वाट्याला आलेला माळ

जिवनबाईनं कुंपणाच्या तोंडातली बोराटीची फांदी कोयत्याच्या आकड्यानं ओढून बाजूला केली आणि जनावरांना वाट दिली. पुढं थोरल्या दिरांची, उत्तमरावांची लाल कंधारी बैलजोडी होती, पोटापर्यंत चिखलानं माखलेली. तिच्यामागं दोन गाई, आणि सगळ्यांत शेवटी मोठी जाऊ शालूबाई, ओलं वासरू उराशी धरून. पाऊस धो धो पडतच होता. खाली कयाधू नदीनं पात्र कधीच सोडलं होतं. काल जिथं हिरवंगार सोयाबीन होतं, तिथं गढूळ पाणी पसरलं होतं आणि त्यातून बांधावरच्या बाभळींचे शेंडे तेवढे दिसत होते.

"कुठं बांधू?" उत्तमरावांनी विचारलं. ते तिच्याकडं पाहत नव्हते.

"बांधू नका, भाऊजी. सोडा. खाऊ द्या."

बैलांनी माना खाली घातल्या. कमरेएवढ्या गवतात त्यांची तोंडं दिसेनाशी झाली आणि पावसाच्या आवाजातही ओरबाडून खाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. उत्तमराव तिथंच उभे राहिले. एवढ्या पावसात पायाखालची जमीन रुतत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी एक पाय उचलून पुन्हा दाबून पाहिला. मुरमाची जमीन पडेल तेवढं पाणी पिऊन खाली सोडत होती.

हाच तो माळ. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा नदीकाठची काळी कसदार जमीन उत्तमरावांकडं राहिली, कारण ती तेच कसत होते. धाकट्या वैजनाथच्या, म्हणजे जिवनबाईच्या नवऱ्याच्या, वाट्याला नरसीच्या बाजूचा हा उतार आला. काळीपेक्षा क्षेत्र थोडं जास्त दिलं आणि पंच उठले. वैजनाथला फसवलं, असं गावातल्या बायका आडून बोलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिवनबाई एकटीच माळावर गेली आणि सगळा उतार पायांखाली घालून आली. गावभरच्या शेळ्यांनी गवत मुळापर्यंत खाल्लं होतं. दगड, मुरूम, मधूनच एखादं खुरटं हिवर, खुरटी टेंभुर्णी. पण ओहळाच्या कडेला, बोराटीच्या काट्यांत जिथं शेळीचं तोंड पोचलं नव्हतं, तिथं पवन्या गवताचे चार ठोंब उभे होते. ती तिथं बराच वेळ बसून राहिली.

वैजनाथनं तोवर मशीनवाल्याशी बोलणं करून टाकलं होतं. माळ फोडायचा, दगड वेचायचे आणि सोयाबीन टाकायचं.

"मशीन आणू नका," ती म्हणाली.

"काहून?"

"वर वीतभर बी माती न्हाई. मशीन फिरली की जी हाय तीबी पैल्याच पावसात नदीला जाईल. मग हातात दगड राहतील."

"मग काय, गवत खायचं का आपण?"

"म्हशी खातील," जिवनबाई म्हणाली. "आपण दूध खाऊ."

वैजनाथ हसला नाही. पण मशीनही आली नाही. जिवनबाईनं माळाला बोराटीचं कुंपण घातलं आणि शेळ्या आत सोडणाऱ्यांशी भांडणं घेतली. त्या पहिल्या वर्षी वैजनाथ तिच्याशी धड बोलला नाही आणि माळावर नुसती कुसळं माजली. चालताना ती लुगड्यात घुसायची आणि रात्री वेचून काढावी लागायची. बायका म्हणायच्या, जिवनबाईनं कुसळं राखली. दुसऱ्या वर्षी सखल भागात, वरून वाहून आलेली माती जिथं अडली होती, तिथं मारवेल हे चाऱ्याचं गवत दिसू लागलं. ते पाहून एके सकाळी वैजनाथ न सांगता माळावर आला आणि उताराला आडवे दगड रचू लागला. ती चहा घेऊन गेली. त्यानं चहा प्यायला आणि पुन्हा दगड उचलला. त्यानंतर माळ दोघांचा झाला. बी पडल्याशिवाय गवत कापायचं नाही, हा तिचा नेम त्यानंही पाळला. हळूहळू पवन्यानं कुसळांना मागं रेटलं. दोनाच्या चार म्हशी झाल्या आणि नरसीच्या हॉटेलांत सकाळचं दूध जिवनबाईच्या घरून जाऊ लागलं.

आणि आता हा पूर. दुपारपर्यंत उत्तमरावांच्या मागून अर्ध्या गावाची जनावरं माळाच्या तोंडाशी येऊन थांबली. कडब्याच्या गंज्या पाण्यात गेल्या होत्या, गोठ्यांत गुडघाभर चिखल होता. जळबा, ज्याच्या शेळ्यांवरून जिवनबाईचं सगळ्यांत मोठं भांडण झालं होतं, तोही खाली मान घालून उभा होता.

वैजनाथ तिला बाजूला घेऊन म्हणाला, "आत घेतलं तर उन्हाळ्यात आपल्या म्हशींना काय घालायचं?"

जिवनबाईनं माळाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांचं राखलेलं होतं ते. चार दिवसांत सगळं उडालं असतं. मग तिनं पदर खोचला.

"आजचा दिवस चरू द्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "उद्यापासून जनावरं वरच्या खडकावर बांधायची आणि गवत कापून घालायचं. मी दाखवीन तिथंच विळा लावायचा आणि बुडखा ठेवायचा. बुडखा राहिला तर गवत फिरून येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला विळा घेऊन जळबाच आला आणि कुठं कापू म्हणून विचारू लागला. पाणी ओसरेपर्यंत गावाची जनावरं त्या माळावर जगली. एकही दगावलं नाही.

पूर उतरल्यावर जिवनबाई वाटणीनंतर प्रथमच दिरांच्या शेतात गेली. नदीच्या वळणाला जो सगळ्यांत चांगला तुकडा होता, ज्यात सासरे दरसाल रब्बीची ज्वारी घ्यायचे, तो खरडून गेला होता. काळी माती नावाला नव्हती. खालचा मुरूम, गोटे आणि मेलेल्या झाडांची मुळं वर आली होती. उत्तमराव बांधावर बसले होते. शालूबाई त्यांच्या शेजारी उभी होती.

"टिप्परनं तलावातला गाळ आणून टाकावा म्हणतो," उत्तमराव म्हणाले.

जिवनबाई खाली वाकली. तिनं मूठभर मुरूम उचलला, चोळला, सोडून दिला.

"गाळ टाका, भाऊजी. पण आधी त्याला धरून ठेवणारं कायतरी लावा. न्हाईतर पुढच्या पुरात गाळबी जाईल."

"काय लावू?"

"मारवेल. मी ठोंब देते. वरच्या अंगाला पवन्याचं बी फेकू."

शालूबाईच्या तोंडून निघून गेलं, "काळ्या रानात गवत लावायचं? लोक काय म्हणतील?"

उत्तमरावांनी पायाजवळचा एक गोटा उचलून नदीकडं टाकला. मग उत्तमराव म्हणाले, "काळं रान राहिलं कुठं."

दिवाळीनंतर जिवनबाईनं आणि शालूबाईनं मिळून माळावरचं बी झोडपलं. वाटणीनंतर दोघी जावा पहिल्यांदाच एका गोणपाटावर बसल्या होत्या. मग शालूबाईच्या बोटात कुसळ घुसलं, जिवनबाईनं ते काढलं, आणि मग दोघींचं बोलणं संध्याकाळ झाली तरी संपेना.

मृगाच्या पावसानं जमीन ओली केली तशी सगळी मिळून खालच्या तुकड्यावर गेली. वैजनाथनं नदीच्या बाजूला दगडांच्या ओळी धरल्या, उत्तमरावांनी ठोंबांसाठी खड्डे घेतले आणि दोघी जावांनी ठोंब दाबले. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. कनेरगावकडचा एक पाव्हणा म्हणाला, एवढ्या मोलाच्या जमिनीत गवत लावणारं गाव पैल्यांदाच बघून राहिलो. उत्तमरावांनी मान वर केली नाही. ते खड्डे घेत राहिले.

आषाढ कोरडाच गेला. ठोंब पिवळे पडले. एकदा उत्तमराव घागरी भरून पाणी घालताना जिवनबाईला दिसले. तिलाही रात्री झोप लागत नव्हती. माळाचं गवत माळावर येतं, नदीच्या काठाला येईलच असं कुणी सांगावं. आपल्या शब्दावर थोरल्या घरानं एक हंगाम घालवला, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

श्रावणात पाऊस आला आणि मग भाद्रपदात तो थांबेना. कयाधू पुन्हा फुगली. जिवनबाई ओसरीवर म्हशींच्या आंबोणात मीठ कालवत होती, तेव्हा उत्तमराव पावसातून चढावरून येताना दिसले. डोक्यावर पोतं नाही, छत्री नाही. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. ते ओसरीच्या कडेला थांबले आणि बाटली त्यांनी तिच्यापुढं धरली.

"वरच्या रानातून येऊन माझ्या तुकड्यातून वाहून राहिलेलं पाणी हाय," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "शेजारच्या बांधावरून काळं शाईसारखं वाहून राहिलं. आणि हे बघा."

जिवनबाईनं बाटली उजेडाकडं धरली. पाणी किंचित पिवळसर होतं, पण त्यातून उत्तमरावांच्या सदऱ्याची गुंडी दिसत होती. तळाला चिमूटभर माती बसली होती, बस.

"माती थांबली," उत्तमराव म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही.

जिवनबाईनं बाटली आतून बाहेर आलेल्या वैजनाथच्या हातात दिली आणि ओले हात पदराला पुसले. मग ती पायऱ्या उतरली.

"अगं, पाऊस तरी उघडू दे," वैजनाथ म्हणाला.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

ती उतारानं खाली निघाली, भराभरा, अनवाणी. अर्ध्या वाटेवर तिला मागून पावलं ऐकू आली आणि ती एकदम थबकली. एवढ्या वर्षांत ती कधी थोरल्या दिरांच्या पुढं चालली नव्हती. तिनं पदर डोक्यावर सावरला आणि त्यांना पुढं जाऊ द्यायला वाटेच्या कडेला झाली.

उत्तमरावही थांबले.

"व्हा पुढं, जिवनबाई," ते म्हणाले. "मी हाय मागं."

खाली तुकड्यावर मारवेल गुडघ्याला लागला होता. पाण्याच्या जोरानं तो एका बाजूला झोपला होता आणि पाणी पुढं गेलं की पुन्हा उभा राहत होता. जिवनबाई पुढं चालत राहिली.