चौतीस लाल झेंडे

आमच्या बेटावर एक मंडळ आहे. बेटाचा निसर्ग राखणे हे त्याचे काम. सभासद एकवीस, त्यातले सतरा कुठल्या ना कुठल्या समितीवर आहेत. उरलेले चार खुर्च्या लावतात. मंडळाची कचेरी धक्क्याजवळ, जुन्या बर्फखान्याच्या माडीवर. तिथल्या खुर्च्यांवरची प्लास्टिकची आवरणे अजून काढलेली नाहीत आणि कोपऱ्यांत प्लास्टिकची झाडे ठेवली आहेत. खऱ्या झाडांना रोज पाणी कोण घालणार, असा प्रश्न एकदा बैठकीत निघाला होता. त्यावर एकमत झाले नाही.

अध्यक्ष म्हणजे माझे धाकटे दीर. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर सहा महिने ते घरातल्यांच्या चुका काढत बसले, मग त्यांना निसर्ग सापडला. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, मंडळाची चिटणीस. आम्ही एकाच घरात राहतो. ती दोघे वर, मी खाली. भाऊजी जिना उतरतात तेसुद्धा खाली कोणीतरी फोटो काढायला उभे असल्यासारखे.

मीही या मंडळाची सभासद आहे, हे आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. आता शनिवारी सकाळी दहा-बारा मुलांना घेऊन किनाऱ्यावर जाते. मंडळाच्या कागदांवर त्याला 'बाल विभाग' म्हणतात. मंडळाला त्या विभागाशी काही घेणेदेणे नव्हते, तोवर विभाग उत्तम चालला होता.

बेटाच्या टोकाला वाळूचा एक लांब पट्टा समुद्रात शिरला आहे. तिथे दरवर्षी सुरय येतात. सडपातळ पांढरा पक्षी, डोक्यावर काळी टोपी. घरटे म्हणावे असे तो काही बांधत नाही. पोट घासून वाळूत बशीएवढा खळगा करतो आणि त्यात दोन-तीन अंडी घालतो. अंडी वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. दोन हातांवरून पाहिली तरी खडे वाटावेत. ती दिसत नाहीत, एवढेच त्यांचे संरक्षण. हे समजायला मुलांना एक शनिवार पुरला.

पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही, हा आमचा नियम. गवताच्या उंचवट्यामागे पोटावर पडायचे, दोन दुर्बिणी आळीपाळीने फिरवायच्या आणि पक्षी जिथे बसून राहतो ती जागा चौकटीच्या वहीत मांडायची. चार शनिवारांनंतर चौतीस घरटी निघाली. आकडा पक्का केला तो शंकाने. शंका म्हणजे चौथीतली मुलगी. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर "पण बाई" म्हणते, म्हणून मुलांनीच हे नाव ठेवले. तिने पाच वेळा मोजले आणि चार वेळा मला खोटे पाडले.

त्याच आठवड्यात भाऊजींनी मला जिन्यापाशी गाठले.

"वहिनी, तुमच्या पोरांनी म्हणे नकाशा केलाय."

"केलाय."

"मग द्या की मंडळाला. महासंघाचे पाहुणे येतायत, आदर्श मंडळ निवडायला. चाळीस माणसं बेटावर फिरणार. अंड्यांवर कुणाचा पाय पडायला नको."

बोलणे अगदी रास्त होते. मी वही दिली. आपली वही दुसऱ्याच्या हातात देताना तो तिचे काय करणार हे विचारावे, असे मी चाळीस वर्षे मुलांना सांगत आले. त्या दिवशी मी विचारले नाही.

तीन दिवसांनी पट्ट्यावर चौतीस झेंडे उभे राहिले. प्रत्येक घरट्याशेजारी एक. लालभडक, उशीच्या अभ्र्याएवढे. मधे मंडळाचे चिन्ह, त्याखाली क्रमांक आणि क्रमांकापेक्षा मोठ्या अक्षरांत 'अध्यक्षांच्या कल्पनेतून साकार'. ते रोवायला चौदा सभासद तासभर पट्ट्यावर फिरले आणि दोन घरटी त्यांच्याच बुटांखाली गेली. त्या दोन्ही ठिकाणीही झेंडे लावलेच. क्रमांक तुटून चालणार नव्हता.

पुढच्या शनिवारी दुर्बीण शंकाकडे होती.

"बाई, कावळ्याला आकडे येतात का?"

"का गं?"

"सात झाला. आता तो आठवर बसलाय."

मी दुर्बीण घेतली. कावळा आठ नंबरच्या काठीवर बसला, खाली उतरला, दोन पावले चालला आणि चोच पिवळी करून वर आला. सुरय त्याच्या डोक्यावर ओरडत झेपावत होते. तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. मग तो उडून नऊवर बसला. मागून आणखी दोघे येत होते, पंगतीला उशीर झाल्यासारखे. जिथे काठी तिथे अंडे, हा धडा कावळ्यांनी चार दिवसांत गिरवला होता. दुपारपर्यंत आम्ही मोजले तेव्हा एकवीस घरटी शिल्लक होती. त्यांतली अंडी फुटून पिल्ले निघायला अजून आठवडा तरी लागणार होता. कावळ्यांचा वेग पाहता एकही घरटे तोवर टिकले नसते.

मी तशीच वाळूच्या पायांनी कचेरीत गेले. शनिवारची बैठक चालू होती.

"झेंडे काढा," मी म्हटले. "आजच्या आज. कावळे एकेक झेंडा धरून अंडी खातायत."

"ताई, कावळ्यांना काय कळतंय झेंड्यातलं?" जाऊ हसून म्हणाली.

"तुमच्यापेक्षा जास्त. त्यांना चार दिवस लागले."

प्रसिद्धी समितीचे प्रमुख खुर्चीत सावरून बसले. त्यांचे टायरचे दुकान आहे. "पण बाई, कावळा हाही निसर्गच ना? आपण त्यात ढवळाढवळ करायची का?"

"झेंडे वाळूतून उगवले का?"

"वहिनी, वहिनी," भाऊजींनी दोन्ही हात वर केले. "झेंडे लावायचा ठराव झालाय. काढायचे तर खास सभा लागेल. सात दिवसांची सूचना. शिवाय फोटो महासंघाकडे गेलेत. पाहुणे पुढच्या रविवारी येणार, त्यांना झेंडे दिसले नाहीत तर ते काय म्हणतील?"

"सात दिवसांत अंडीच उरणार नाहीत."

"म्हणजे मग सभेची गरजच नाही," जाऊ म्हणाली, आणि तसे टिपूनही घेतले.

शेवटी कावळ्यांच्या उपद्रवाबद्दल मंडळाने चिंता व्यक्त करावी असे सर्वानुमते ठरले. ती लगेच व्यक्त झाली. चहा आला.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी मुलांना पुन्हा उंचवट्यामागे बोलावले. आणखी चार घरटी गेली होती. सतरा उरली होती.

"मी उद्या पहाटे जाऊन झेंडे उपटणार आहे," मी सांगितले. "हे मंडळाच्या विरुद्ध आहे. तुम्ही कुणी यायचं नाही."

"पण बाई," शंका म्हणाली, "उपटलेत तर ते परत लावतील. नकाशा आहे त्यांच्याकडे."

"लावतील."

"आणि कावळे घरटं शोधतच नाहीत. झेंडा शोधतात. मग झेंडे जिथं काहीच नाही तिथं लावले तर?"

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितले, या वेळी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. भागाकार न समजणाऱ्या मुलाशी मी तसे बोलते.

सोमवारी उजाडता उजाडता मी पट्ट्यावर गेले. वही देण्याआधी उतरून घेतलेली नकाशाची प्रत हातात धरून, पाऊल टाकण्याआधी जागा बघत, एकेक काठी काढली. सुरयांनी मला चोची मारल्या आणि डोक्यावरच्या पदरावर जे करायचे ते केले. मला राग आला नाही. त्यांच्या दृष्टीने मी मंडळाचीच होते. धक्क्यामागे, जिथे पूर्वी होड्या ओढून ठेवत, तिथली वाळू कडक आणि उघडी आहे. तिथे कधी कुठल्या पक्ष्याने अंडे घातलेले नाही. इंजिनदुरुस्तीचे मिस्त्री तिथे लवकर येतात. त्यांनी माझ्या काखेतल्या गठ्ठ्याकडे पाहिले.

"बाई, मोर्चा कुठं निघालाय?"

"कावळ्यांवर."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. हातोडा आणला आणि चौतीसच्या चौतीस काठ्या ठोकून दिल्या. "कुणी विचारलं तर मी सकाळपासून इंजिनात डोकं घालून होतो," एवढेच म्हणाले.

भाऊजींना मीच सांगणार होते. लपवून करायचे आणि मग लपवत राहायचे, हे मला या वयात झेपणारे नाही. संध्याकाळी जिन्यावर पावले वाजली तेव्हा पहिले वाक्य तयार होते. पण भाऊजी खाली उतरले ते फुलून आलेले.

"वहिनी, पाहिलंत? पक्षी धक्क्याजवळ आले!"

"पक्षी?"

"वस्ती हलवली त्यांनी. झेंडेही हलवलेत आपल्या लोकांनी लगोलग. मला वाटतं प्रसिद्धी समितीनं. मी विचारलं तर नुसते हसले, 'कर्तव्य आहे' म्हणाले. बघा, झेंड्यांचा विश्वास वाटतो पक्ष्यांना."

आमच्या मंडळात एखादी गोष्ट कोणी केली ते माहीत नसले, की ती दुसऱ्या समितीने केली असे समजतात. आणि ज्याला श्रेय मिळते तो नाकारत नाही, कारण नाकारले तर आपल्याला माहीत नव्हते असे होते.

"भाऊजी, ते झेंडे मी हलवले," मी म्हटले. "तिथं एकही अंडं नाही."

ते माझ्याकडे अतिशय मायेने बघत राहिले. "वहिनी, तुमचा हातभार आहेच. बाल विभागाचा उल्लेख करणार आहे मी भाषणात." आणि ते वर गेले. मी खरे सांगून मोकळी झाले होते. त्याचे काय करायचे ते त्यांच्या हातात होते.

सोमवारी आणि मंगळवारी कावळे धक्क्यामागे एका झेंड्यावरून दुसऱ्यावर फिरत राहिले. खाली उतरायचे, वाळू उकरायचे, मान वाकडी करून बघायचे. कार्यकर्ते लांबून त्यांचे फोटो काढत होते. एका कावळ्याने जुन्या सवयीने पट्ट्यावर जाऊन एक घरटे संपवले. गुरुवारी मात्र सगळे कंटाळून मासे साफ करायच्या ओट्याकडे परतले. पट्ट्यावर सोळा घरटी होती, आणि शनिवारी शंकाला पहिले पिल्लू दिसले.

रविवारी लाँचमधून चाळीस पाहुणे उतरले. भाऊजींनी ओठांवर बोट ठेवले. "हळू चाला. अंडी आहेत." चाळीस माणसे त्या ओसाड वाळूत चवड्यांवर चालू लागली. एका बाईंनी पुष्कळ खड्यांचे फोटो काढले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"मला एकही दिसत नाही," एक पाहुणे वाकून म्हणाले.

"दिसत नाहीत, हेच तर त्यांचं संरक्षण," भाऊजी म्हणाले. ते वाक्य त्यांनी कधीतरी माझ्याकडून ऐकले होते. इतक्या वर्षांत माझ्याकडून त्यांनी घेतलेली ती एकच गोष्ट.

महासंघाच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. त्या मुलांच्या रांगेसमोर थांबल्या आणि नेमके शंकालाच विचारले, "काय बाळ, घरटी किती आहेत इथं?"

शंकाने माझ्याकडे पाहिले. खरे सांगितले असते तर चाळीस जोड बूट त्याच क्षणी पट्ट्याकडे वळले असते, आणि पट्ट्यावर एक दिवसाची पिल्ले वाळूत अंग चोरून बसलेली होती. खोटे बोल, असे मी मुलाला आजवर सांगितलेले नाही. तेव्हाही सांगितले नाही. पण खरे सांग, असेही म्हटले नाही.

"झेंडे चौतीस आहेत," शंका म्हणाली.

"आणि पक्षी कुठं गेले सगळे?"

"इतकी माणसं असली की ते थांबत नाहीत."

बाईंनी क्षणभर त्या पोरीकडे, मग झेंड्यांकडे, मग माझ्याकडे पाहिले. त्यांना काय समजले ते मला ठाऊक नाही. "चला," त्या मागे वळून म्हणाल्या, "मुलगी बरोबर बोलते आहे. सगळ्यांनी बोटीत." भाऊजींचे भाषण अर्ध्यावर राहिले, पण आदर्श मंडळाची ढाल मिळाली, त्यामुळे त्यांनी मनाला लावून घेतले नाही. पुढच्या वर्षी झेंडे दुप्पट करायचे, असे धक्क्यावरच ठरले. कुठे लावायचे ते कोणी विचारले नाही. धक्क्यामागे पुष्कळ जागा आहे.

लाँच गेल्यावर आम्ही उंचवट्यामागे जाऊन पोटावर पडलो. शंकाने नवी वही उघडली. घरटी होती चौतीस, राहिली सोळा, गेली अठरा. त्यापुढे 'कारण' असा एक रकाना होता.

"काय लिहू?"

"जे पाहिलंस ते."

तिने लिहिले : 'दोन बुटांखाली. सोळा कावळ्यांनी खाल्ली. कावळ्यांना पत्ता मंडळाने दिला.'

"मंडळाला कुणी दिला, तेही लिही," मी म्हटले.

"पण बाई..."

"लिही."

तिने लिहिले, अक्षर जरा लहान काढून. मग आम्ही पिल्ले मोजायला लागलो. ती वाळूत एका जागी थांबत नव्हती, इकडून तिकडे पळत होती, आणि पहिल्या तीन वेळा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.